कॅसेट सारखी अडकतेय? आधी वही काढा, स्क्रूड्रायव्हर नंतर

जुनी व्हिडिओ कॅसेट संगणकावर उतरवायला लावली की ती मध्येच बंद पडते. पुन्हा सुरू केली की चालते, आणि थोड्या वेळाने परत तेच. या एका दुखण्यापायी मी गेल्या पावसाळ्याचा दीड महिना घालवला. त्यातला महिनाभर तर चुकीच्याच टोकाला शोधत होतो. केबल बदलली, कार्ड बदललं, विंडोज नव्याने टाकलं. दोष निघाला भलतीकडेच. एक नव्हे, तीन दोष होते आणि तिन्ही दिसायला अगदी सारखे. म्हणून इतके दिवस गेले.

आमचं घर सांगलीत गावभागात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हा खालच्या मजल्यात पाणी होतं. कॅसेटी माळ्यावर बुटांच्या खोक्यांत होत्या, त्यामुळे त्यांना थेंबभरही पाणी लागलं नाही. 'वाचल्या बाई,' म्हणून आई खूश आणि आम्हीही निर्धास्त. पण पुढे कितीतरी दिवस भिंतींची ओल काही हटली नव्हती, आणि खोकी त्याच भिंतीला टेकून होती. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

कॅसेटी एकूण २१, सगळ्या ८ मिलिमीटरच्या. बऱ्याचशा व्हिडिओ-८, चार-पाच हाय-८. १९९२ ते २००१ या काळातल्या: भावाची मुंज, हरिपूरचा संगम, तासगावचा रथोत्सव, आणि कुणीतरी झाकण लावायला विसरल्यामुळे चित्रित झालेली अर्धा तास जमीन. त्या वाजवायला डिजिटल-८ कॅमेरा वापरतोय. डिजिटल-८ च्या काही मॉडेलांत (सगळ्यांत नाही, विकत घेण्याआधी विचारा) जुन्या अॅनालॉग कॅसेटीही चालतात, आणि कॅमेरा त्यांचं जागच्या जागी डिजिटल करून फायरवायरच्या तारेतून संगणकाला देतो. चित्र आणि आवाज एकाच प्रवाहात येतात, त्यामुळे स्वस्तातल्या यूएसबी डोंगलसारखा ओठ आधी, आवाज नंतर असा प्रकार सहसा होत नाही.

नक्की कधी बंद पडलं?

हा प्रश्न मी स्वतःला महिनाभर विचारलाच नाही. 'मध्येच बंद पडतं' एवढंच म्हणत राहिलो. शेवटी बायको वैतागून म्हणाली, "अहो, मध्येच म्हणजे नक्की कधी? लिहून तरी ठेवा." मग भिशीच्या वहीच्या मागच्या पानावर तीन रकाने आखले: कॅसेटचा नंबर, कॅमेऱ्यावरचा काउंटर, आणि सुरू केल्यापासून झालेली मिनिटं. चार दिवसांत वहीने जे सांगितलं, ते महिन्याभरात मला कळलं नव्हतं.

काही कॅसेटी कुठूनही सुरू करा, सुरू केल्यापासून ठरावीक मिनिटांनीच थांबत होत्या. काही कधीही सुरू करा, काउंटरच्या एकाच आकड्याला अडत होत्या. आणि काहींचा पत्ताच नव्हता: आज १४ मिनिटं, मग ९, मग ६. ही तीन वेगळी दुखणी आहेत आणि तिन्हींची औषधं वेगळी. तुमच्याकडेही अडत असेल तर निदान तीन वेळा चालवून हे लिहून काढा. त्याआधी काहीही उघडू नका, काहीही विकत घेऊ नका.

घड्याळाला बांधलेलं दुखणं

माझं पहिलं: कुठलीही कॅसेट १९ मिनिटं आणि वर काही सेकंद झाले की बंद. इतकं नेमकं की चहा टाकून यायला उपयोग व्हायचा. मला वाटायचं कॅमेरा तापतोय. टेबल फॅन लावून बघितला, बर्फाची पिशवी तेवढी बाकी होती.

हिशोब मांडला तेव्हा हसू आलं. आपल्याकडच्या टीव्हीच्या पाल पद्धतीत डीव्हीची (कॅमेरा देतो त्या डिजिटल व्हिडिओची) एक फ्रेम १,४४,००० बाइटची असते आणि सेकंदाला २५ फ्रेम. म्हणजे सेकंदाला ३६ लाख बाइट, तासाला साधारण १३ जीबी. मी उतरवत होतो ते बाहेरच्या डिस्कवर, आणि ती डिस्क फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेली. फॅट३२ मध्ये एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी होऊच शकत नाही. आता ४ जीबीला ३६ लाखांनी भागा: जेमतेम २० मिनिटं. आवाजाचा वेगळा ट्रॅक धरून फाइल बनत असेल तर त्याहून मिनिटभर आधीच. कॅमेरा बिचारा ठणठणीत होता, भांडं भरत होतं. डिस्क रिकामी करून एनटीएफएसमध्ये (त्यात ही मर्यादा नाही) फॉरमॅट केली (फॉरमॅट केलं की आतलं सगळं जातं, आधी काढून ठेवा) आणि दुसऱ्या दिवशी पहिल्यांदा सलग तासभर उतरलं.

तुमच्याकडे साडेनऊ-दहा मिनिटांना तुटत असेल तर जुन्या सॉफ्टवेअरची २ जीबीची मर्यादा आडवी येत असेल. दुसरं सॉफ्टवेअर वापरा. विनडीव्ही छोटंसं आहे, फुकट आहे आणि या कामाला पुरेसं आहे. त्याखेरीज संगणक झोपी जाणे, डिस्क झोपी जाणे, कॅमेरा अडॅप्टरऐवजी बॅटरीवर असणे ही घड्याळवाली इतर कारणं. पॉवरच्या सेटिंगमध्ये जाऊन सगळ्या झोपा बंद करा. यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

काउंटरला बांधलेलं दुखणं

इथे दोष कॅसेटमधल्या त्या जागेत असतो. बहुतेक वेळा तिथे काहीच नसतं: शूटिंग करणाऱ्याने मध्ये कॅसेट मागेपुढे करून बघितली, पुन्हा चित्रण सुरू करताना थोडी जागा कोरी सोडली. कोरा भाग आला की निळा पडदा, आणि सॉफ्टवेअर समजतं कॅसेट संपली. आमच्या काकांना दर दोन प्रसंगांनंतर 'आलंय का बघू' करायची सवय होती, त्यामुळे त्यांच्या कॅसेटी म्हणजे चाळणी.

उपाय दोन. एक, सॉफ्टवेअरमध्ये तारीख-वेळ तुटली की नवी फाइल करायची किंवा थांबायचं अशी सेटिंग असते, ती बंद करा. दोन, तरीही थांबत असेल तर तो भाग पुढे ढकलून नव्याने सुरू करा आणि दोन फायली नंतर जोडा. फार हुशारी करायची गरज नाही.

कोरी जागा नसून टेप तिथे चुरगळलेली असेल तर मात्र ती जागा पुन्हा पुन्हा वाजवत बसू नका. चुरगळलेली टेप हेडवरून (टेप वाचणाऱ्या टोकावरून) जितकी जाईल तितकी कडा झिजतात, आणि फाटली तर कॅमेऱ्याच्या आत फाटते.

मिनी-डीव्हीच्या छोट्या डिजिटल कॅसेटवाल्यांसाठी एक: चित्रण एलपीमध्ये (जास्त वेळ मावावा म्हणून टेप हळू चालवून) केलं असेल तर ते ज्या कॅमेऱ्यावर झालं त्याच्यावरच नीट चालण्याची शक्यता जास्त. एसपीमध्ये (नेहमीच्या वेगात) टेपवरचा एक ट्रॅक १० मायक्रॉन रुंद असतो, एलपीमध्ये तो ६.७ वर येतो. दुसऱ्या कॅमेऱ्याची मांडणी केसभर इकडेतिकडे असली की चौकोन चौकोन दिसायला लागतात. असं असेल तर साफसफाई करून काही होणार नाही, मूळ कॅमेरा कुठल्या पाहुण्याकडे पडलाय ते शोधा.

आज १४, मग ९, मग ६

हे खरं दुखणं. चित्र आधी चांगलं, मग बारीक पांढऱ्या रेघा, मग वाळूचं वादळ, मग निळा पडदा. कॅमेऱ्यावर सी:२२ असा कोड यायचा. सोनीच्या हँडीकॅमवर त्याचा अर्थ हेड घाण झालंय. सी:२१ आला तर आत दमट झालंय, कॅसेट काढून निदान तासभर तसाच ठेवा. सी:३१ किंवा सी:३२ म्हणजे यंत्राची हालचाल अडली, कॅसेट काढून पुन्हा घाला किंवा वीज काढून पुन्हा लावा. कॅसेट बाहेर येत नसेल तर चिमट्याने ओढू नका, मी ओढली आणि दोन वीत मुंज गमावली.

तर सी:२२. हेड साफ केलं की चित्र काचेसारखं. तेरा-चौदा मिनिटांनी परत रेघा. पुन्हा साफ, पुन्हा रेघा. मी ठरवूनच टाकलं की कॅमेऱ्याचं हेड झिजलं. एका दुरुस्तीवाल्यानेही तेच सांगितलं आणि हेड बदलायचा जो आकडा बोलला त्यात दुसरा कॅमेरा आला असता.

सुटका झाली ती विट्याकडच्या मावसभावामुळे. त्याचं घराणं गलाईच्या (सोनं-चांदी गाळायच्या) धंद्यात, बरीच वर्षं तमिळनाडूत होतं. तो म्हणाला, "भावा, आमच्या पण कॅसेटी घे की करून," आणि स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात सहा कॅसेटी आणून दिल्या. त्यातली एक लावली. तासभर चालली, एक रेघ नाही. लगेच त्याच कॅमेऱ्यात माझी लावली: ११ मिनिटांत निळं. हेड साफ करून पुन्हा त्याची: पूर्ण. माझी: १२ मिनिटं.

म्हणजे हेड नव्हे, कॅसेट. माझी कॅसेटच हेड घाण करत होती आणि मी दर वेळी हेडलाच शिक्षा करत होतो. ही परीक्षा तुम्हीही करा. ज्याची कॅसेट कोरड्या जागी राहिली असेल अशा कुणाकडून एक चांगली कॅसेट उसनी आणा. ती सलग चालली तर कॅमेरा सोडा आणि कॅसेटकडे बघा.

बघायचं कसं? कॅसेटच्या छोट्या खिडकीवर मोबाइलचा टॉर्च तिरका धरा. समोरून धरला तर काही दिसत नाही. मला गुंडाळीच्या कडेवर पिठी सांडल्यासारखे पांढरे ठिपके दिसले, एका ठिकाणी कोळ्याच्या जाळ्यासारखी तार. बुरशी. २१ पैकी ८ कॅसेटींत. भिंतीला टेकलेल्या खोक्यातल्याच आठ.

माझे सासरे मूळचे हरिपूरचे. हळदीची पेवं (जमिनीखालची कोठारं) बघतच ते मोठे झाले. ते म्हणाले, "पेव उघडलं की लगेच आत उतरत नाहीत. झाकण काढून ठेवायचं, वारं खेळू द्यायचं, मग माणूस." पेवात कारण वेगळं असतं, तिथे आत श्वास घ्यायला हवाच नसते, पण पद्धत मला पटली. बुरशीचं खोकं घरात उघडायचं नाही. गच्चीवर, तोंडाला मास्क लावून. आणि बुरशी दिसलेली कॅसेट चांगल्या कॅमेऱ्यात घालायची नाही, एकदाही नाही. तिचे कण यंत्रात बसतात आणि पुढच्या स्वच्छ कॅसेटीलाही लागतात.

मग मी केलं ते असं. आठही कॅसेटी मोठ्या हवाबंद डब्यात, सोबत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या, दोन आठवडे. उन्हात ठेवायचा मोह होतो, ठेवू नका. हेअर ड्रायर तर नकोच. टेप म्हणजे प्लास्टिकची पट्टी आहे, उष्णतेने ताणली की चित्र कायमचं वाकडं. सुकल्यावर बुरशी चिकट राहत नाही, भुकटीसारखी होते. मग कॅसेट उलटी धरून मऊ ब्रशने गुंडाळीच्या कडा झटकायच्या.

त्यानंतर एक बळीचा बकरा शोधला: चित्र न देणारा, पण कॅसेट नीट फिरवणारा जुना ८ मिलिमीटरचा कॅमेरा. मिरजेत भंगाराच्या भावात मिळाला. प्रत्येक कॅसेट त्यात शेवटपर्यंत पुढे, पुन्हा शेवटपर्यंत मागे. दर कॅसेटनंतर त्याचं ड्रम (हेड ज्यावर बसवलेलं असतं तो फिरता गोल) पुसायचं. पहिल्या कॅसेटनंतर पुसायच्या पट्टीवर राखाडी-तपकिरी डाग आला, राख पुसल्यासारखा. ती घाण इतके दिवस माझ्या चांगल्या कॅमेऱ्यात जात होती.

हेड पुसताना

सोपा उपाय म्हणजे कोरडी क्लीनिंग कॅसेट. ती १० सेकंद चालवायची आणि काढायची. मागे गुंडाळायची नाही, गुंडाळली तर काढलेली घाण पुन्हा परत लावाल. दर दहा मिनिटांनी वापरायची तर ती मुळीच नव्हे, कारण ती बारीक पॉलिश पेपरासारखी आहे आणि हेड झिजवते.

त्याने भागलं नाही तर हाताने. आयसोप्रोपिल अल्कोहोल, ९९ टक्क्यांचं. मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे ते असतं, विचारून बाटलीभर घ्या. औषधाच्या दुकानातलं सर्जिकल स्पिरिट नको. पुसायला मऊ चामड्याची पट्टी. कानात घालायची कापसाची काडी चालत नाही, तिचे तंतू हेडच्या टोकाला अडकतात. आणि हे टोक ड्रमच्या बाहेर जेमतेम दिसेल न दिसेल एवढंच आलेलं असतं, ठिसूळ असतं. म्हणून पट्टी वरखाली घासायची नाही. पट्टी ओली करून ड्रमला हलकी टेकवून स्थिर धरायची आणि दुसऱ्या हाताने ड्रम वरच्या कडेने सावकाश फिरवायचं. तीन-चार फेरे. मग पंधरा मिनिटं वाळू द्या. ओल्या ड्रमवर कॅसेट घातली तर टेप चिकटून गुंडाळली जाते आणि मग तुमचा सी:३१ ठरलेला.

मिनी-डीव्हीमध्ये हीच घाण वेगळी दिसते. पालच्या एका फ्रेमची माहिती टेपवर १२ ट्रॅकांत वाटलेली असते आणि दोन हेडं ती एकाआड एक वाचतात. एक हेड बुजलं की चित्रावर आडवे पट्टे पडतात: एक पट्टा हलतो, एक गोठलेला. असे पट्टे दिसले तर हा कॅसेटचा नव्हे, हेडचा दोष, निदान त्या क्षणी तरी.

पुरात खरोखर भिजलेल्या कॅसेटींचं काम निराळं आणि नाजूक. गाळ वाळू देऊ नये, स्वच्छ पाण्याने, शेवटी डिस्टिल्ड वॉटरने, धुऊन सावलीत सुकवावं लागतं. एकुलती एक कॅसेट असेल तर घरी प्रयोग करू नका.

कॅमेरा दिसतच नाही

हे विचारणारेही बरेच आहेत म्हणून थोडक्यात. कॅमेरा व्हीसीआर मोडवर (कॅसेट वाजवायच्या) आहे का बघा, शूटिंगच्या मोडवर ठेवून अनेकजण तासभर शोधत बसतात. विंडोज ८ पासून फायरवायरचा जुना ड्रायव्हर सोबत येत नाही, तो मायक्रोसॉफ्टकडून वेगळा उतरवून डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाला 'लेगसी' लिहिलेला ड्रायव्हर लावावा लागतो. एका टोकाला यूएसबी आणि दुसऱ्या टोकाला फायरवायर अशी दोन-तीनशे रुपयांची नुसती तार मिळते, ती मीही घेतली. ती चालत नाही, चालूच शकत नाही, दोन्हींची भाषा वेगळी आहे आणि तारेत दुभाषा बसलेला नाही. डेस्कटॉपमध्ये फायरवायरचं पीसीआय कार्ड टाका.

६ पिनांचं टोक लावताना कॅमेरा आणि संगणक दोन्ही बंद ठेवा. त्यातून वीजही जाते आणि उलटं घुसवलं तर कॅमेऱ्याचं पोर्ट जळतं. कॅमेऱ्याच्या बाजूचं ४ पिनांचं टोक इवलंसं असतं, जोर लावायचा नाही.

व्हीएचएस कॅसेटी असतील तर व्हीसीआर कॅमेऱ्याच्या एव्ही-इनला (बाहेरचं चित्र-आवाज आत घ्यायच्या जागेला) जोडून, कॅमेऱ्यातली कॅसेट काढून, मेनूत 'ए/व्ही ते डीव्ही आउट' चालू करा. युरोपात विकलेल्या कित्येक कॅमेऱ्यांत ही आत यायची वाटच बंद केलेली असते, तेव्हा परदेशातून आलेला कॅमेरा घेताना आधी तपासा. व्हीसीआर जुनाच शोधावा लागेल, शेवटच्या मोठ्या उत्पादकाने २०१६ मध्ये ते बनवणं थांबवलं.

अमेरिकेतल्या नातेवाइकांनी पाठवलेली कॅसेट असेल तर ती एनटीएससी (तिकडच्या टीव्ही पद्धतीची) असते, सेकंदाला २९.९७ फ्रेमची. पाल कॅमेऱ्यात ती काळी-पांढरी किंवा थरथरती दिसली तर कॅसेट खराब झाली म्हणून टाकून देऊ नका.

आता कुठे आहे

२१ पैकी १७ पूर्ण उतरल्या. तीन थोड्या तुटक आहेत. मूळ डीव्ही फायली तशाच दोन डिस्कवर ठेवल्यात. व्हॉट्सअॅपवर पाठवायला हँडब्रेक या सॉफ्टवेअरमधून वेगळी छोटी प्रत काढतो. मूळ फायलींना हात लावत नाही, त्यातल्या आडव्या दातऱ्या रेघा काढायचं काम प्रतीवरच.

राहिली १४ नंबरची. तिच्यावर आईच्या अक्षरात नुसतं 'घर' एवढंच लिहिलंय, तारीख नाही. सिलिका जेलमध्ये दोन आठवडे ठेवूनही बकरा कॅमेऱ्यात ती ६ मिनिटांवर अडली आणि ड्रमवर पुन्हा तोच राखाडी डाग. वहीत शेवटची नोंद आहे: १४, काउंटर ०:०६:१०, घाण. पुड्या बदलून ती परत डब्यात ठेवली आहे. आई रोज विचारते. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की पुन्हा लावेन.